चौकटीतला एक

येत्या दहा वर्षांत या पृथ्वीतलावरून क्षयरोगाचं नामोनिशाण मिटवल्याशिवाय आपल्यापैकी एकही जण स्वस्थ बसणार नाही, अशी घोषणा अध्यक्षांनी उजवा हात उंच करून केली, आणि माईक बंद पडला. स्वस्थ न बसण्याची शपथ घेतलेले साठ तज्ज्ञ स्वस्थ बसून राहिले. अध्यक्षांचा हात वरच होता. तो खाली घ्यायचा म्हणजे वाक्य संपलं असं झालं असतं, आणि वाक्य तर अजून अर्धं बाकी होतं. मग मागच्या दारातून माईकवाला आला. पन्नाशीचा, किडकिडीत, खांद्यावर वायरीचं भेंडोळं. तो खोकत आला, खोकत वाकला, माईकच्या बुडाशी त्यानं काहीतरी पिरगळलं, आणि चालू झालेल्या माईकची पहिली परीक्षा त्याच्याच खोकल्यानं घेतली. सभागृहाच्या चारही कोपऱ्यांतल्या कर्ण्यांमधून तो खोकला घुमला. खालून, खोलवरून, ओल्या पोत्यातून काहीतरी ओढत आणल्यासारखा. एका जंतूवर मिळून हजारेक वर्षं घालवलेल्या त्या साठ माणसांनी एकाच वेळी श्वास रोखला. पहिल्या रांगेतले दोघे खुर्चीसकट वीतभर मागे सरकले. कुणी पाण्याचा ग्लास झाकला. 'हवा खेळती ठेवा' असं लिहिलेली मोठी पाटी भिंतीवर होती आणि तिच्याखालच्या खिडक्या उघडण्याची सोय इमारत बांधणाऱ्यानं केलेली नव्हती. त्या माणसाला कुणी काही विचारलं नाही. तो आपल्या स्टुलावर, मागच्या दारापाशी जाऊन बसला, आणि सुंठीवाचून खोकला गेल्याच्या आनंदात सभागृहानं टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांना त्या आपल्या वाक्यासाठी वाटल्या. त्यांनी हात खाली घेतला.

चौथ्या रांगेत कडेला बसलेल्या त्यानं मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याचे हात कोटाच्या खिशात होते आणि उजव्या हाताखाली चार घड्या घातलेला एक कागद होता. ऑफिसात त्याला निकषराव म्हणत. नवं औषध रोग्यांवर वापरून बघायचं तर आधी कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही, हे एका पानावर लिहावं लागतं. ते पान बावीस वर्षं तो लिहीत आला होता. इतकी वर्षं 'घ्यावे' आणि 'वगळावे' असे दोन रकाने आखत बसल्यावर माणसाच्या डोळ्यांतही एक उभी रेघ येते. घरी पाहुणे बोलवायचे झाले की बायको म्हणायची, "आधी निकष लिहून दे बाबा, मग मी पातेलं कुठलं काढायचं ते ठरवते." आज त्याचंच ते पान मंजूर व्हायचं होतं, कायमचं. जगातल्या चाळीस गरीब देशांमध्ये यापुढे जंतूंच्या रोगांवर जी जी औषधं तपासली जातील, त्या सगळ्यांसाठी एकच आदर्श नमुना. त्यातलं कलम चार म्हणजे त्याचं पान. आणि त्या पानावरची दुसरी ओळ, 'वय अठरा ते साठ'. खिशातला कागद ती ओळ काढून टाकण्याबद्दलचा होता. तीन वर्षांपूर्वी लिहिलेला. आज उठायचं, बोलायचं आणि बसायचं, असं तो ठरवून आला होता. आधीच्या दोन बैठकांनाही तो असाच ठरवून आला होता आणि बिस्किटं खाऊन परत गेला होता. घड्या उलगडून पुन्हा घातल्यामुळे कागद आता कापडासारखा मऊ झाला होता.

बोलायला उभी राहिली ती त्याच्याच हाताखाली शिकलेली संशोधिका. हुशार, टापटिपीची, आकडा चुकला तर तापानं फणफणणारी. तिनं पडद्यावर गेल्या चाचणीचा तक्ता लावला. वरून खाली उतरणाऱ्या चौकटी आणि बाजूला फुटणारे बाण. "एकंदर सहाशे बारा जण तपासले," ती म्हणाली. "त्यातले एकशे अठ्ठ्याऐंशी वगळले. यकृताच्या त्रासामुळे एकाहत्तर, आधी तेच औषध घेतलेले चौसष्ट, संमती न दिलेले बावन्न." तिच्या हातातल्या दिव्याचा लाल ठिपका एकेक ओळ उतरत शेवटच्या ओळीवर आला आणि थांबला. "आणि वयामुळे वगळलेले, एक. वयाच्या अटीबद्दल आपण फार वाद घालतो. पण सहाशे बारांत नुकसान झालं ते फक्त एका माणसाचं. टक्केवारी काढली तर शून्य पूर्णांक सोळा. नगण्य. त्यामुळे माझी नम्र शिफारस अशी, की अट आहे तशीच ठेवावी." लाल ठिपका त्या एकावर थरथरत राहिला. तिचा हात दमला असावा. त्याच्या मनात पहिलं आलं ते इतकंच, की हिला सांगावं, जरा बाजूला घे तो दिवा, तिच्या डोळ्यांवर येतोय.

कारण तो एक म्हणजे ताई होती.

वर वाटोळं डोकं आणि खाली वाकत गेलेलं अंग. खाटेच्या कडेला पाय सोडून, धाप लागल्यावर बसावं तसा बसलेला तो आकडा. हा तक्ता त्यानं छापायला जाण्याआधी तपासला होता, दोनदा, लाल पेन घेऊन, आणि दोन्ही वेळा त्या ओळीवरून नजर अशी उचलली होती की जणू रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं आणि आपण दुकानाच्या पाटीकडे बघायला लागलो. पण ओळ म्हणून वाचणं वेगळं आणि साठ माणसांसमोर तिला पुरावा म्हणून उभी केलेली बघणं वेगळं. अट निरुपद्रवी असल्याचा पुरावा. ताईला हे सांगितलं असतं तर ती पोट धरून हसली असती. "बघ, शेवटी घेतलंस ना मला तुझ्या अभ्यासात!" असं म्हणाली असती आणि मग खोकली असती.

ती त्याच्याहून सात वर्षांनी मोठी; कागदावर नऊ. या दोन वर्षांचा जन्म त्यानं स्वतः पाहिलेला होता. तो नऊ वर्षांचा असताना बाबा दोघांना घेऊन शाळेच्या मुख्याध्यापकांकडे गेले होते. ताईला परिचारिकेच्या प्रशिक्षणाला घालायचं होतं आणि तिथं अठरा पूर्ण लागत. ती सोळाची होती. बाबांची छाती तेव्हाच भात्यासारखी वाजायची, त्यांना थांबायला दोन वर्षं नव्हती, आणि त्यांच्यामागं धाकट्याची शाळा तर चालायला हवी होती. मुख्याध्यापक भला माणूस. त्यांनी रजिस्टर उघडलं, चष्मा पुसला, बाहेर कुणी नाही ना बघितलं आणि तिच्या जन्मसालातल्या शेवटच्या आकड्याला एक शेपटी लावली. शाई वाळायला वेळ लागत होता. ताई तेवढ्या वेळात खाली वाकून त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या नीट लावत होती. तो नेहमी पहिली गुंडी दुसऱ्या काजात घालायचा, आणि मग खालपर्यंत सगळं एकेकानं चुकत जायचं. म्हणून तर ती त्याला गुंड्या म्हणायची. तिची बोटं गार होती. मुख्याध्यापक रजिस्टर मिटून म्हणाले, "झालीस गं मोठी." ती म्हणाली, "कळलंसुद्धा नाही हो सर." बाबा हसले आणि त्यांना खोकला आला.

मग ती शिकली, कामाला लागली, आणि तिच्या पगारावर तो शिकला. ती चाळींमधून, झोपड्यांमधून, पत्र्याच्या खोल्यांमधून फिरायची, क्षयाच्या रोग्यांना समोर बसवून गोळ्या गिळायला लावायची आणि 'आ' करायला सांगून जिभेखाली बघायची. आणि तो उंच इमारतीत बसून अशा माणसांचे रकाने आखायचा. तिच्या पिशवीला स्पिरिटचा आणि रबराचा वास यायचा आणि त्या पिशवीत थुंकी घ्यायची झाकणाची डबी कायम असायची, जशी इतर बायकांच्या पर्समध्ये कंगवा असतो. रस्त्यात, बसमध्ये, दुकानात कुणी खोकलं की ती वळणार आणि विचारणारच, "किती दिवस झाले?" दोन आठवड्यांच्या वर गेलं की डबी बाहेर. त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्याच्या लग्नात तिनं सासऱ्यांना विचारलं. त्यांचा खोकला विडीचा निघाला आणि ते पुढं सहा महिने ताईशी बोलले नाहीत. मग तिनं फोटोग्राफरला गाठलं. तो तीन आठवडे खोकत होता. तिनं त्याला तिथंच भिंतीआड नेऊन डबी हातात दिली, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात घातला, आणि ते रीळ कुणी धुतलंच नाही. त्याच्या लग्नाचा एकही फोटो नाही. फोटोग्राफर मात्र अजून आहे. दरवर्षी त्या तारखेला ताईला फोन करायचा. बायको म्हणायची, "लग्न आमचं, आणि वाढदिवस ह्याचा." त्यानं एकदा चिडून विचारलंही होतं, "ताई, सगळ्या जगाला कशाला विचारत सुटतेस? यंत्रणा आहे ना!" ती म्हणाली होती, "आहे ना. मीच ती."

यंत्रणा निवृत्त झाली तीही कागदाप्रमाणे, दोन वर्षं आधी, आणि तरी पिशवी घेऊन फिरत राहिली. तिचा स्वतःचा खोकला किती दिवसांचा होता हे तिला कुणी विचारलं नाही. तपासेपर्यंत जंतू नेहमीच्या गोळ्यांना दाद देईनासा झाला होता. आणि नेमकी त्याच वेळी, त्याच जंतूवरच्या नव्या औषधाची चाचणी त्याच्याच संस्थेत सुरू होती. तळमजल्यावर, त्याच्या खोलीच्या बरोबर तीन मजले खाली. नोंदणीच्या खोलीतल्या नर्सनं वर फोन केला. "सर, तुमच्या बहीण आल्यात. सगळं बसतंय, पण वय एकसष्ट येतंय." तो खाली गेला. ताई बाकावर बसली होती, कोट मांडीवर घडी करून, पाहुणी आल्यासारखी. "अरे गुंड्या, सांग ना हिला माझं खरं वय," ती म्हणाली. "एकोणसाठ गं बाई. तरुण असल्याचा पुरावा मागणारं खातं पहिल्यांदाच बघतेय मी." नर्स हसली आणि म्हणाली, "जवळच्या नातेवाइकाचं लेखी निवेदन चालतं सर. कलमात आहे तसं." आहे हे त्याला माहीत होतं, ती सवलत त्यानंच लिहिली होती, अक्षरओळख नसलेल्या, जन्मतारीख नसलेल्या लोकांसाठी, आणि त्याबद्दल त्याचं कौतुकही झालं होतं. नर्सनं कोरा कागद पुढे सरकवला. त्यावर चार ओळी आणि एक सही. तो म्हणाला, "मी समितीवर आहे. माझी सही चालणार नाही." चालणार नाही असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. लिहिणारा तोच होता, त्याला ते पक्कं ठाऊक होतं. पण आपल्या बहिणीसाठी निकषरावांनी वय कमी केलं, हे वाक्य त्याला तेव्हाच ऐकू आलं; जेवणाच्या टेबलावर, जिन्यात, दुसऱ्या देशातल्या कुठल्याशा बैठकीत, कुणीतरी हळू आवाजात म्हटलेलं. एकोणीस वर्षांत त्याच्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. नाकासमोर चालणाऱ्या माणसाला नाकापलीकडचं दिसत नाही ते असं. "आपण रीतसर करू ताई," तो म्हणाला. "नियम वाकवायला नको." ती त्याच्याकडे बघत राहिली, रोग्याच्या जिभेखाली बघायची तशी. मग म्हणाली, "नको वाकवूस. तुझा नियम आहे, मोडायचा एखादा." आणि उठताना, सहज, "पण साठच का रे?"

त्यानं तिला यकृत सांगितलं, मूत्रपिंडं सांगितली, उतारवयातला औषधांचा निचरा सांगितला. ती शहाण्या मुलासारखी ऐकत होती. वर येऊन मात्र त्यानं कपाट उघडलं, कारण बोलता बोलता त्याच्या ध्यानात आलं होतं की यातलं एकही कारण त्यानं ती ओळ लिहिताना लिहिलेलं नव्हतं. ती ओळ आधीच्या चाचणीच्या कागदावरून उतरवलेली होती. ती तिच्या आधीच्या. तीही तशीच. नव्या कामाला बसायचं तर मागचं पान समोर ठेवायचं, तारखा बदलायच्या, औषधाचं नाव बदलायचं आणि बाकीचं तसंच घ्यायचं, ही त्यांच्या धंद्यातली रीतच. अनुभवी माणूस म्हणजे जुनं पान पटकन सापडणारा माणूस. चार दिवस तो एकेका फायलीतून मागे मागे जात राहिला आणि पाचव्या दिवशी तळाला लागला. चाळीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी एका कारखान्यात कामगारांवर एक औषध वापरून बघितलं होतं. नावांची यादी कारखान्यानं दिली होती. कारखान्यात माणूस साठाव्या वर्षी निवृत्त व्हायचा. म्हणून यादी साठला संपली होती. बस्स, एवढंच. यकृत नाही, मूत्रपिंड नाही, भोंगा. पहिली गुंडी दुसऱ्या काजात गेली होती आणि चाळीस वर्षं सगळे खाली खाली लावत आले होते.

तेव्हाच त्यानं तो कागद लिहिला. 'वयाच्या अटीला शास्त्रीय आधार आढळत नाही, सबब ती वगळावी.' कागद पुढे पाठवायचा तर समिती बोलवावी लागली असती, आणि कुणी विचारलं असतं, आत्ताच का सुचलं? म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं आलं. जरा योग्य वेळ बघू, असं म्हणून त्यानं कागद खणात ठेवला आणि दुसरा अर्ज केला, चाचणीबाहेर खास बाब म्हणून औषध मिळावं असा, सात सह्यांचा, रीतसर. प्रत्येक सहीच्या माणसाला तो ओळखत होता आणि एकालाही त्यानं फोन केला नाही. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होता, आणि ताई खुर्चीवरून खाटेवर. शेवटच्या आठवड्यात तिला थंडी वाजायची म्हणून तो तिच्या अंगात लोकरीचं जाकीट चढवून गुंड्या लावत होता. तोंडावर मुखपट्टी, हातात मोजे, त्या मोज्यांतून गुंडी बोटांत येत नव्हती. लावून झाल्यावर तिनं मान खाली घालून बघितलं. "एक वर-खाली झालंय रे," ती म्हणाली. तो पुन्हा सोडायला लागला तर तिनं त्याचा हात बाजूला केला. "राहू दे. कोण बघतंय." मंजुरी आली ती ताई गेल्यानंतर एकोणिसाव्या दिवशी, अभिनंदन, अशी सुरुवात होती पत्राची. पण चाचणीच्या वहीत ती नोंदणीच्या दिवशीच गेली होती. तपासले, वगळले, कारण वय. नंतर जगली किती, मेली कशानं, हे वहीला विचारायचंच नसतं. वगळलेल्या माणसाचा पाठपुरावा करत नाहीत. तेही कलम चारच.

"घेतलेल्या चारशे चोवीस जणांपैकी तीनशे ऐंशी पूर्ण बरे झाले," संशोधिका सांगत होती. पडदा बदलला होता. तो एक निघून गेला होता आणि त्या जागी एक निळा, उंच, निरोगी खांब उभा होता. दहातले नऊ. तीन वर्षं तो स्वतःला समजावत आला होता की ताई कदाचित दहावी निघाली असती. ताईला तो ओळखत होता. ती रांगेत कधीच शेवटी उभी राहिली नव्हती. आणि तो एक तरी एक कुठला? गावोगावच्या डॉक्टरांना अट पाठ होती. साठीपुढच्या माणसाला ते पाठवतच नव्हते. ते सगळे घरी बसले, कुठल्याच चौकटीत आले नाहीत. चौकटीपर्यंत चालत आली ती फक्त ताई, कारण तिला वाटलं आपला भाऊ आहे तिथं. मागच्या दारापाशी माईकवाला पुन्हा खोकला. या वेळी हातरुमालात, दबून, अपराध्यासारखा. चौथ्या रांगेपर्यंत आला तेव्हा तो खोकला ऐकू येण्यापेक्षा पाठीला लागल्यासारखा झाला.

"कलम चार," अध्यक्ष म्हणाले. घड्याळात चहाला सहा मिनिटं होती आणि ते सगळ्यांना माहीत होतं. "कुणाला काही सुचवायचंय? नसेल तर..."

तो उभा राहिला. आपण उभे आहोत हे त्याला समोरच्या माणसाचं टक्कल दिसायला लागलं तेव्हा कळलं. माईक हातोहात त्याच्यापर्यंत आला. खिशातला कागद काढायचा म्हणून हात घातला तर घड्या बोटांत अडकल्या, म्हणून त्यानं तो तसाच राहू दिला. गेली तीन वर्षं आंघोळ करताना, जिना चढताना त्यानं हे भाषण केलेलं होतं. त्यात कारखाना होता, भोंगा होता, मुख्याध्यापक होते, शाई होती, आणि शेवटी एक वाक्य होतं जे ऐकून सभागृह सुन्न होणार होतं. त्यातलं काहीही आलं नाही. "वयाची ओळ काढावी," तो म्हणाला. स्वतःचा आवाज चार कोपऱ्यांतून परत आला आणि त्याला वाटलं, बाबा बोलले.

"कारण?" अध्यक्षांनी विचारलं.

"कारण नाही."

थोडं हसू आलं कुठून तरी. "म्हणजे काढायला कारण नाही?"

"ठेवायला. ती मी लिहिली होती. आधीच्या कागदावरून उतरवली. त्याला काही आधार नाही."

संशोधिकेनं भुवया उंचावल्या. "पण सर, तेव्हा काहीतरी विचार झालाच असेल ना? तुम्ही असं उगाच..."

"उगाच," तो म्हणाला. "उगाच होती."

अध्यक्षांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. "कुणाची हरकत?" कुणाची नव्हती. कुणीतरी म्हणालं, "खरं तर आम्हालाही ती खटकतच होती." दुसरं कुणी म्हणालं, "हो, आमच्याकडेही अडचण व्हायची." अध्यक्ष म्हणाले, "मग काढली. छान. निकषरावांनीच सुचवल्यावर प्रश्नच नाही. कलम पाच." समोरच्या पडद्यावर कुणीतरी ती ओळ रंगवली, आणि ती गेली. खालच्या ओळी एकेक घर वर सरकल्या, बसमधली जागा रिकामी झाल्यावर माणसं सरकतात तशा. भिंतीवरच्या घड्याळाचा लाल काटा त्याच्या डोळ्यांसमोर होता. एक फेरीही पुरी झाली नव्हती. चाळीस सेकंद.

तो बसला. आपण झगडून हरलो असतो तर, असं त्याच्या मनात आलं. कुणीतरी विरोध केला असता, टेबलावर मूठ आपटली असती, दोन वर्षं लढवलं असतं. तर निदान तेव्हाही जमलं नसतंच म्हणून रात्री कुशीवर वळता आलं असतं. तेवढाही आधार या लोकांनी ठेवला नाही. किती भले लोक. तेव्हाही हेच होते. ह्याच खुर्च्या, हाच अध्यक्ष, हेच 'आम्हालाही खटकतच होती'. कुणी दार लावलेलं नव्हतं. तोच दाराला पाठ लावून उभा होता आणि आतून ढकलतंय कोण म्हणून घाबरत होता.

चहा झाला. म्हणजे इतरांचा. सभागृह रिकामं झालं, बाहेरून कपबश्यांचा आवाज यायला लागला, कुणाच्या तरी विनोदावर कुणीतरी मनापासून हसलं. संशोधिका आपलं सामान आवरत होती. तो तिच्याजवळ गेला. "तो आधीचा तक्ता," तो म्हणाला, "पुन्हा एकदा लावता का जरा?" तिनं लावला. तिचा चेहरा पडला होता. "सर, काही चुकलंय का? मी तीनदा बेरीज केली होती." तो पहिल्या रांगेत बसला, अगदी पडद्याखाली. इतक्या जवळून आकडे फुटत होते, नुसते ठिपके दिसत होते. मग डोळे सरावले आणि तळाशी ती दिसली. वाटोळं डोकं, वाकलेलं अंग. "नाही," तो म्हणाला, "बरोबर आहे. एकच." ती "चहा घ्या सर, गार होईल," म्हणून बाहेर गेली.

माईकवाला मागून वायर गुंडाळत गुंडाळत येत होता. कोपर आणि अंगठा, कोपर आणि अंगठा, असे वेढे घेत. मध्येच थांबायचा, भिंतीला हात टेकायचा, खोकायचा आणि पुढचा वेढा घ्यायचा. जवळ आला तेव्हा त्याच्या गळ्याच्या शिरा दिसल्या आणि सैल पडलेली कॉलर. ही वास्तू, हे खातं, या चाळीस देशांचे साठ तज्ज्ञ, सगळे पलीकडे बिस्किटं खात होते. पंचावन्न वर्षांत हा प्रश्न त्यानं कुणाला विचारला नव्हता, आणि तो इतका साधा असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"खोकल्याला."

"होतील की तीन-एक आठवडे," माईकवाला म्हणाला. "धूळ फार हो या गालिच्यांत. तेवढे पाय उचला साहेब जरा, वायर अडकलीय खाली."